काठ फोडला ते वर्ष

मातीबद्दल कुणी गहिवरून बोलू लागलं की मी गप्प बसतो. काळी आई, काळं सोनं, तिचा तो वास. सगळं ऐकून घेतो. त्या मातीत माझी सगळी नोकरी गेली. गिरमिटानं तिच्या पोटात हात घालून पाहिलाय. मला ती आवडत नाही, आणि तिलाही मी कधी आवडलो नाही.

यंदा भाद्रपद सरता सरता सोलापुरात पाऊस पाच दिवस ठाण मांडून बसला. शुक्रवार पेठेतलं घर अपुरं पडू लागल्यावर आम्ही हद्दवाढ भागात राहायला आलो. इथे समोरच्या प्लॉटवर इमारतीचा पाया खणलाय, तो काठोकाठ भरला. कंत्राटदार छत्री धरून उभा होता. म्हणाला, "काका, दोन दिवसांत मुरतंय बघा."

मी म्हटलं, "दोन महिन्यांत नाही मुरणार. पंप लाव."

तो हसला. त्याचा राग आला नाही. राग आला खड्ड्याच्या कडेला चमकणाऱ्या मातीच्या त्या काळ्या-निळसर कापाचा. ओला, तुळतुळीत, एक थेंब आत न घेणारा. असा काप मी पहिल्यांदा सीनेच्या काठी पाहिला तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि मला सगळं कळत होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. घागरभर पाण्यासाठी जिथे बायका मैलभर चालल्या, त्याच जिल्ह्यात जास्त पाण्यानं मेलेली जमीन असते, हे शहरात कुणाला पटत नसे. मला नोकरी लागली ती अशा जमिनींतलं पाणी काढून द्यायच्या कामावर. वडील म्हणाले होते, "सोलापुरात राहून पाणी काढून टाकायची नोकरी करतोस? बाहेर कुणाला सांगू नकोस बाबा."

त्या गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून आहेत. नदीला लागून पोयट्याचा एक लांबट उंचवटा होता. पुरानं वर्षानुवर्षं आणून टाकलेला, भुसभुशीत, चांगला. त्याच्या मागे जमीन बशीसारखी खोल होत जायची, आणि त्या बशीत होती ती काळी माती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की विळा आत पडला तर काठी घालूनही लागत नसे. पाऊस सुरू झाला की ती फुगायची, भेगा मिटायच्या, आणि एकदा मिटली की झालं. वर पाणी, खाली निळा चिखल, मध्ये कुजका वास. दिवाळीपर्यंत वाफसा नाही. बैल गुडघ्यापर्यंत रुतणार, पेरायची पाभर चालणार नाही, रब्बीच्या शाळू ज्वारीची वेळ निघून जाणार. अशा जमिनीला चिबड म्हणतात. अकरा जणांची जमीन होती त्या बशीत, आणि अकराच्या अकरा जण एकमेकांशी भांडत. प्रत्येकजण आपलं पाणी शेजाऱ्याच्या रानात ढकलायचा.

माझ्याबरोबर सैफन होता, आमचा चेनमन. साखळी ओढायची, गिरमिट फिरवायचं, हे त्याचं काम. फूटभर आत गेलं की गिरमिट अडकायचं. आम्ही दोघं लोंबकळून ते उपसायचो. सैफन हात झटकत म्हणायचा, "साब, ये मट्टी नै, सरेस है." बोटांना चिकटलेली ती माती संध्याकाळी धुतली तरी नखांत राहायची, आणि जेवताना भाकरीला तिचा वास यायचा. सैफन तिला शिव्या देई. मी तेव्हा शिव्या देत नव्हतो. मी तिच्यावर मात करणार होतो.

उपाय सोपा होता. बशीच्या तळातून एक खोल चर काढायचा, नदीकाठचा उंचवटा कापून तो पार नदीला नेऊन सोडायचा. कागदावर एक सरळ रेघ. ती रेघ जिथे काठ कापत होती, तिथे नागव्वाचं रान होतं.

नागव्वा पन्नाशीची असेल. उंच, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तोंडात मराठी आणि रागात कानडी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्या उंचवट्याच्या आतल्या उतारावरचं दीड एकर ती एकटी करायची. भुईमूग, मध्ये तुरीच्या ओळी. घरही तिथेच, काठावर, दगड-मातीचं. बशीतले अकरा जण दिवाळीपर्यंत चिखलाकडे बघत बसत, तेव्हा नागव्वाच्या भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या असत.

मी पहिल्या दिवशी खुंट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी एकही नव्हती. पुन्हा मारल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशी तिच्या दारात गेलो. ती चुलीपाशी होती.

"मावशी, आमच्या खुंट्या पाहिल्यात का?"

"बघितल्या की," ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "चांगल्या वाळल्याल्या हाईत. भाकर बेस भाजती."

सैफन तोंड फिरवून हसला. मला हसू आलं नाही. मी तिला समजावायला बसलो. चर किती रुंद, किती खोल, वरचं पाणी कसं वाहून जाईल, गावाचं कसं भलं होईल. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे ह्यो काठ फोडनार तुमी."

"फोडणार नाही. त्यातून वाट काढणार. पाणी नदीला जायला."

"आन नदी फुगली मंग?"

"नदीचं पाणी नदीत राहील, मावशी."

ती उठून उभी राहिली. "वाट केली की ती जायला बी व्हती, यायला बी व्हती. नदीला काय पाटी वाचता येतीया व्हय, हितनं फकस्त जायाचं म्हून?"

मी ही गोष्ट ऑफिसात सांगितली. सगळे पोट धरून हसले. मी सर्वांत मोठ्यानं हसलो. ते हसू आठवलं की अजून मान खाली जाते. कारण ती म्हणाली ते माझ्या पुस्तकात होतं. चराच्या तोंडाला झडप हवी, नदी चढली की बंद होणारी. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण एस्टिमेटमध्ये झडप नव्हती, आणि मी ती मागितली नाही. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून सोडून दिलं.

दुसरीही एक गोष्ट मी केली. तिचं रान सातबाऱ्यावर तिच्या थोरल्या दिराच्या, इरप्पाच्या नावावर होतं. कुटुंबातला थोरला म्हणून. इरप्पाची स्वतःची जमीन बशीच्या अगदी तळाशी, सगळ्यांत जास्त चिबड. चर व्हावा म्हणून तो रोज माझ्या मागे असायचा. संमतीच्या कागदावर मी इरप्पाची सही घेतली. कायद्यात बसत होतं. नागव्वाला विचारावं लागत नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही.

खोदाई वैशाखात सुरू झाली. माणसं काठाशी पोचली त्या सकाळी नागव्वा आखलेल्या रेघेवर येऊन बसली. इरप्पा ओरडू लागला, ती कानडीतून त्याचा उद्धार करू लागली. शेवटी इरप्पाच्या घरच्या दोन बायकांनी तिला दंडाला धरून उठवलं. मी काय केलं? मी लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावून उभा राहिलो, जणू फार महत्त्वाचं माप चाललंय. त्या काळच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. वर जमीन, खाली आभाळ, आणि मधोमध ओढत नेली जाणारी नागव्वा, डोकं खाली, पाय वर. मी ते दृश्य पूर्ण पाहिलं. डोळा काढला नाही.

चर झाला. चार फूट रुंद, पुरुषभर खोल, काठाच्या पार. आषाढ-श्रावणात बशीत पाणी साचलं आणि चरातून सळसळत नदीला गेलं. गावात मला लोक हाका मारून चहा देऊ लागले. नागव्वाच्या घरावरून जाताना ती दार लावून घ्यायची. उघडं दार, माझी चाहूल, आणि धाड्. सैफन म्हणायचा, "घड्याळ मिलाव साब, अपन आ गए."

भाद्रपदात वरच्या भागात जोराचा पाऊस झाला. नदी चढतेय असं कळलं तसे आम्ही दोघं एसटीनं निघालो. गाव ओढ्यापलीकडे, गाडी अलीकडेच थांबली. पुढे चालत. दुपारचे तीन वाजले असतील. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता, नुसतं राखी आभाळ. लांबूनच चर दिसला. पाणी उलटं चाललं होतं. तांबडं, फेसाळ, काडीकचरा घेऊन नदीकडून आत येत होतं. सावकाश. घाई नसल्यासारखं.

काठ कापला होता तिथे, चराच्या तोंडाशी, नागव्वा एकटी उभी होती. मातीनं भरलेली पोती तिनं रचली होती, कडब्याच्या पेंढ्या कोंबल्या होत्या आणि त्याला आतून एक दार लावलं होतं. घराचं दार. बिजागऱ्यांसकट उपसून आणलेलं. दाराला पाठ लावून, पाय रोवून ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पाणी फटींतून येत होतं, पण थोडंच. तिनं नदी अडवून धरली होती. बशीतले अकरा जण कुठे होते? गुरं हलवायला, घरचं आवरायला. त्यांच्या रानात अजून पाणी पोचलं नव्हतं.

मी धावलो. वळसा घालून बांधानं जायला हवं होतं, मी सरळ चराच्या कडेनं गेलो, जिथे उकरलेली माती टाकलेली होती. वैशाखात ती ढेकळं होती. आता चार पावलांवर मी मांडीपर्यंत आत गेलो. पाय उपसायला जोर केला तर दुसरा पाय गेला. ऑफिसनं दिलेले गमबूट होते पायात, गुडघ्यापर्यंतचे. ते मातीनं असे धरले की जणू कुणी खालून दोन्ही हातांनी ओढतंय. मी जितका धडपडलो तितका खाली गेलो. ती माती माझ्यासकट चराकडे घसरली आणि कमरेला लागली. चरातलं पाणी चढत माझ्या छातीपाशी आलं.

"हिलो मत साब! हिलो मत!" सैफन बांधावरून ओरडत होता. त्यानं साखळीचं टोक फेकलं, ते दोन हात अलीकडे पडलं. तो पुढे आला तसा त्याचाही पाय गेला, तो मागे सरकला. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. नागव्वानं मान वळवून पाहिलं एवढं आठवतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे. तो क्षण फार मोठा नव्हता. पण त्यात तिचं भुईमुगाचं रान होतं, आणि ते तिला दिसत होतं, हे मला दिसलं.

तिनं दार सोडलं.

पेंढ्या उपसून त्या चिखलावर आडव्या टाकत ती आली आणि त्यांच्यावर पालथी पडून माझ्यापर्यंत सरकली. मागे दार एकदा करकरलं, मग आडवं झालं आणि पाण्याबरोबर आत वाहून गेलं. तिनं वळून पाहिलं नाही.

"पाय वडू नगंस. ऐकतोस का? बोटं हालीव आदी."

"बूट..."

"बूट सोड! बूट का सरकारला परत करायचाय?"

तिनं खांद्यापर्यंत हात चिखलात घातला, माझ्या पायाच्या कडेनं बोटांनी माती उकरत खाली नेला. कुठेतरी हवा शिरली, गुळगुळ आवाज झाला आणि बुटातून पाय सुटला. मग दुसरा. सैफननं साखळी फेकली, तिनं ती माझ्या काखेतून घातली. दोघांनी मला गुरासारखं ओढून बांधावर आणलं. मी तिथे पडून ओकलो. तोंडात तीच माती होती.

मी डोकं वर केलं तेव्हा ती रानाकडे बघत उभी होती. पाणी भुईमुगाच्या ओळींतून पसरत चाललं होतं. तुरीच्या कमरेपर्यंत आलं होतं. रडली नाही, शिवीही दिली नाही. खाली वाकून तिनं मूठभर चिखल उचलला आणि पूर्ण ताकदीनं माझ्या छातीवर मारला.

"ऊट," ती म्हणाली. "जा हितनं."

पाणी दोन दिवसांत नदीत परत गेलं असेल, पण तिच्या रानात गाळाचा जाड थर ठेवून गेलं. चरातून उकरून टाकलेली तीच चिकण माती पुरानं ढवळून तिच्या पोयट्यावर आणून पसरली होती. शेंगा जमिनीत काळ्या पडल्या. तुरी उभ्या वाळल्या. बशीतल्या लोकांचं मात्र पाणी चरातूनच लगेच उतरलं आणि त्यांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा वेळेवर शाळू पेरला. माझे वरिष्ठ म्हणाले, "अकरा जणांचं झालं की. एखाद्याचं जाणारच." मी लेखी कळवलं की चूक माझी आहे, झडप ठेवायला हवी होती. त्यांनी कागद वाचला आणि फाईलला लावला.

माघात इरप्पानं मला हुरड्याला बोलावलं. आग्रह मोडता येईना. आगटीभोवती सगळे बसलेले, कोवळी गरम कणसं, चटणी, गूळ. लोक मला सायेब सायेब करत होते. तेवढ्यात पलीकडच्या पट्टीतून बायका आल्या. इरप्पाच्या रानात रोजानं काम करत होत्या. त्यांत नागव्वा होती. दिराच्या शाळूत, रोजानं. ती आमच्यापासून पाच हातांवरून गेली. माझ्या तळहातावर हुरडा होता. तो मी तोंडात टाकू शकलो नाही, खाली टाकायचीही हिंमत झाली नाही. मुठीत तसाच गार झाला.

येताना तिच्या घरावरून आलो. दाराच्या जागी पोतं टांगलेलं होतं. थंडी होती. मला पाहून ती बाहेर आली नाही आणि लावून घ्यायला तिच्याकडे काही नव्हतं.

उन्हाळ्यात मी सोलापुरात एका सुताराकडून दार करवून घेतलं. जाड फळ्यांचं, आडव्या पट्ट्यांचं. एसटीच्या टपावर टाकून आणलं, ओढ्यापासून मी आणि सैफननं खांद्यावर वाहिलं. तिच्या अंगणात ते उभं केलं तेव्हा ती शेण्या थापत होती.

"कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

तिनं दारावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. "जाड हाय," म्हणाली.  "हितं नगं. तितं बसीव. चराच्या तोंडाला."

"मावशी, हे घरासाठी आहे. थंडीत—"

"घरात काय हाय माज्या? तितं बसीव." आणि तिनं हातानं दाखवलं. "वरनं टांग. नदीकडच्या अंगाला. आतलं पानी आलं की त्येला ढकलून भाईर जाईल. नदी आली की तीच त्येला दाबून लावून घील."

माझ्या पुस्तकातली आकृती होती ती, हुबेहूब. मी मान डोलावली. त्या वर्षी आम्ही दगडाची चौकट बांधली, वरून बिजागऱ्या घातल्या, दार टांगलं. नागव्वा तिन्ही दिवस बाजूला बसून होती. एकदाही पाणी विचारलं नाही. एक दगड तिरका बसला तेव्हा मात्र म्हणाली, "काड त्यो." आम्ही काढला.

भाद्रपदात नदी आली. मी गेलो, या वेळी बांधानं. दार घट्ट लागलं होतं, बाहेर तांबडं पाणी तटून उभं होतं, आत तिनं गाळ उपसून पुन्हा लावलेला भुईमूग कोरडा. ती काठावर उभी होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. वाटलं, आता एक शब्द तरी बोलेल. ती म्हणाली, "बघितलंस न्हवं? जा आता."

त्याच हिवाळ्यात माझी बदली नातेपुत्याला झाली. तिकडे कालव्यानं चिबडलेली जमीन होती. तीच माती, तसाच निळा काप. मी तिथे पहिल्याच दिवसापासून तिला शिव्या देऊ लागलो. आणि संमतीचा कागद पुढे करण्याआधी, त्या रानात खरोखर राबतं कोण, हे विचारू लागलो. वरिष्ठांना ते आवडलं नाही. कामं रेंगाळायची.

दोनेक वर्षांनी सोलापूरच्या एसटी स्टँडवर मी नातेपुत्याच्या गाडीची वाट बघत होतो. फलाटावर एका खांबाला टेकून नागव्वा बसली होती, शेजारी एक रिकामं पोतं, एक भरलेली पिशवी. बाजार करून परत निघाली असावी. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिनं ओळखलं, पण चेहरा हलला नाही.

"चहा घेता, मावशी?"

"बेड." नको, असं कानडीत.

मी तिथेच खाली बसलो. पँट मळेल याची पर्वा केली नाही. जे विचारायचं ते इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी मला का काढलंत?"

तिनं शेजारच्या पिशवीचं तोंड आवळून बांधलं. 

"मानूस व्हतास म्हून काडला," ती म्हणाली. "सरकार रुतलं असतं तर ऱ्हाऊ दिलं असतं."

 ती हसत नव्हती.

"अजून राग आहे माझ्यावर?"

"हाय की," ती लगेच म्हणाली. भूक लागलीय का या प्रश्नाला उत्तर द्यावं तितक्या साधेपणानं. "मरस्तवर ऱ्हाईल."

तिची गाडी लागली. मी पिशवीला हात लावला. तिनं माझा हात बाजूला केला, पिशवी स्वतः डोक्यावर घेतली आणि गर्दीत शिरली. खिडकीपाशी जागा मिळाली तिला. गाडी हलली तेव्हा मी काचेखाली उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, सरळ, पापणी न लवता, गाडी वळेपर्यंत.

मागे कंडक्टर नातेपुते, नातेपुते असं ओरडत होता. मी जागचा हललो नाही, आणि माझी गाडी निघून गेली.